खुर्ची रिकामी नसते तेव्हा

२१ जुलै २०२५ रोजी संसदेच्या पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस संपला आणि रात्री उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या राजीनाम्याची बातमी आली. प्रकृतीचे कारण देऊन आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ६७ चा आधार घेऊन त्यांनी तो राष्ट्रपतींकडे पाठवला होता. दुसऱ्या दिवशी मुंबईत लोकलमध्ये, कचेऱ्यांत आणि नाक्यावरच्या टपऱ्यांपाशी जी चर्चा चालली होती ती राजीनाम्यामागचे खरे कारण कोणते असावे याची होती, आणि आपल्याकडच्या राजकारणाची रीत पाहता ती तशी होणे स्वाभाविकही होते. माझे मन मात्र एका रुक्ष बाबीत अडकले. त्या रात्रीपासून १२ सप्टेंबरला नवे उपराष्ट्रपती शपथ घेईपर्यंत राष्ट्रपतींच्या मागे उभा राहणारा पहिला माणूसच जागेवर नव्हता. राज्यसभेचे कामकाज उपसभापती चालवू शकतात आणि त्यांनी ते चालवलेही. पण उपसभापतींना राष्ट्रपतिपदाची पायरी चढता येत नाही. त्या सात-आठ आठवड्यांत दुर्दैवाने राष्ट्रपतिपद रिकामे झाले असते, तर ते अधिकार सरन्यायाधीशांकडे, म्हणजे आपल्या अमरावतीच्या भूषण गवई यांच्याकडे गेले असते. याविषयी मराठीत कोठे ओळभर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही.

ही पोकळी ज्यांच्यामुळे भरली ते सी. पी. राधाकृष्णन मलबार हिलच्या राजभवनातूनच दिल्लीला गेले. ९ सप्टेंबरच्या निवडणुकीत त्यांना ४५२ मते मिळाली, प्रतिस्पर्धी बी. सुदर्शन रेड्डी यांना ३००, आणि महाराष्ट्राच्या राज्यपालपदाचा अतिरिक्त कार्यभार गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे आला. एक खुर्ची भरताना दुसरी रिकामी झाली आणि तीही विनासायास भरली गेली. राष्ट्रपतिपद मृत्यू, राजीनामा वा पदच्युती यांमुळे रिकामे झाले, तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे असे घटना सांगते. उपराष्ट्रपतिपदासाठी मात्र ती फक्त शक्य तितक्या लवकर एवढेच म्हणते. म्हणजे दीड-पावणेदोन महिन्यांचे हे अंतर दिल्लीने मनात आणले असते, तर आणखी लांबवता आले असते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे राज्यशास्त्र शिकवले. राष्ट्रपतींवरचा धडा आला की मुले झोपाळलेली असत. निवडणुकीचे मतमूल्य काढण्याचे गणित आले की त्यांपैकी काही जागी होत, तीही पाच गुणांसाठी. पण जवळजवळ प्रत्येक तुकडीत कोणीतरी एक मूल विचारी की, सर, राष्ट्रपती बेशुद्ध पडले आणि शुद्धीवर आलेच नाहीत, तर? अशा वेळी उपराष्ट्रपती काम पाहतात हा अनुच्छेद ६५ सांगून मी पुढे जात असे. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते, आणि उरलेले अर्धे उत्तर आपल्या घटनेतच लिहिलेले नाही.

रिकाम्या खुर्चीची व्यवस्था मात्र आपल्या घटनेने चोख केली आहे आणि ती अनेकदा कसोटीला उतरली आहे. राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. पदावर असताना मृत्यू पावलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. येथवर सगळे अनुच्छेद ६५ च्या पहिल्या कलमाप्रमाणे घडले. पण हंगामी राष्ट्रपतीही उरला नाही तर काय, हा प्रश्न घटनाकारांनी संसदेवर सोडला होता. अनुच्छेद ७० ने तसा कायदा करण्याचा अधिकार तिला दिला होता आणि १९५० पासून संसदेने त्याला हात लावला नव्हता. झाकिर हुसेन यांच्या मृत्यूनंतर त्याच मे महिन्यात तो कायदा झाला: दोन्ही पदे रिकामी झाली, तर सरन्यायाधीशांनी, आणि तेही उपलब्ध नसतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या उपलब्ध असलेल्या ज्येष्ठतम न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींचे काम पाहावे. कायद्याची शाई वाळते न वाळते तोच त्याची गरज पडली, कारण गिरींनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायचे ठरवले.

यापुढचा भाग आमच्या घरात अनेकदा सांगितला गेला आहे. माझे वडील फोर्टमधल्या एका मोठ्या बँकेत कारकून होते. १९ जुलै १९६९ च्या शनिवारी रात्री इंदिरा गांधींचे रेडिओवरचे भाषण झाले आणि चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण करणारा वटहुकूम निघाल्याचे देशाला कळले. वडिलांची बँक त्या चौदांत होती. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत त्या रात्री आणि रविवारी दिवसभर जो वाद रंगला, तो समाजवादाविषयी होता असे कोणाला वाटेल. पण वडील सांगत की खरा वाद सहीवरून होता. हंगामी राष्ट्रपतीने काढलेला वटहुकूम टिकतो का? आणि ज्याने शनिवारी सही केली त्यानेच रविवारी, २० जुलैला, राजीनामा दिला, तर त्या सहीची किंमत काय? चाळीतले एक वकील मात्र ठाम होते की टिकतो, आणि ते बरोबर होते. उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून काम करत असतो तेव्हा राष्ट्रपतींचे सगळे अधिकार आणि सगळे संरक्षण त्याला असते, असे अनुच्छेद ६५ चे तिसरे कलम स्वच्छ सांगते. त्या काळात तो राज्यसभेचे सभापतिपदही सांभाळत नाही. अर्धा राष्ट्रपती असा काही प्रकार घटनेला माहीत नाही.

गिरींच्या राजीनाम्यात आणखी एक मौज होती. राष्ट्रपतीने राजीनामा उपराष्ट्रपतीकडे द्यायचा आणि उपराष्ट्रपतीने तो राष्ट्रपतीकडे द्यायचा, असा घटनेचा परस्परांवर टेकलेला नियम आहे. गिरी तर उपराष्ट्रपतीही होते आणि राष्ट्रपतींचे कामही तेच पाहत होते. घटना लिहिणाऱ्यांनी हा पेच मनात आणला असेल असे वाटत नाही. तो व्यवहारात निभावला गेला आणि सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतींचे काम हाती घेतले. हे हिदायतुल्ला नागपूरचे. तेथे ते शिकले, तेथे त्यांनी वकिली केली आणि तेथल्या उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते. २० जुलै ते २४ ऑगस्ट एवढाच त्यांचा काळ. पण त्यात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला येऊन गेले आणि ९ ऑगस्टला बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला हिदायतुल्लांची संमती मिळाली.

त्या कायद्याला आव्हान देणारे रुस्तम कूपर मुंबईचेच, सेंट्रल बँकेचे संचालक आणि भागधारक. त्यांची बाजू मांडणारे नानी पालखीवालाही मुंबईचेच. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक अशा मतांनी कायदा रद्द केला. पीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती जे. सी. शाह. सरन्यायाधीशपदी तेव्हाही हिदायतुल्लाच होते. पण ज्या कायद्याला त्यांनी स्वतः संमती दिली होती त्याच्या सुनावणीच्या पीठावर ते नव्हते. सरन्यायाधीशाला राष्ट्रपतीच्या जागी बसवण्याची ही किंमत आहे. अशा वेळी निघणाऱ्या प्रत्येक वटहुकमाचे आणि संमती मिळणाऱ्या प्रत्येक विधेयकाचे भांडण उद्या त्याच्याच न्यायालयात येऊ शकते. पस्तीस दिवसांसाठी ही किंमत परवडते. ती सहा महिन्यांसाठी परवडेल असे मला वाटत नाही.

१९६९ च्या त्या निवडणुकीचे नाव निघाले की मराठी माणसाला चिंतामणराव देशमुख आठवलेच पाहिजेत. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेले देशमुख त्या लढतीत तिसरे उमेदवार होते. बँकांवरून पेटलेल्या निवडणुकीत बँकांविषयी सर्वांत अधिक जाणणारा उमेदवार तिसरा यावा, ही आपल्या इतिहासातली एक कडवट गंमत आहे. नीलम संजीव रेड्डी यांना मागे टाकून गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले.

आठ वर्षांनी व्यवस्था पुन्हा चालली. फक्रुद्दीन अली अहमद ११ फेब्रुवारी १९७७ रोजी पदावर असतानाच निवर्तले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती जुलैअखेरपर्यंत हंगामी राष्ट्रपती राहिले. या मधल्या काळात देशात सत्तांतर झाले, आणि नव्या जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला, तेव्हा जत्तींनी सही करायला वेळ घेतला. अखेर ३० एप्रिलला त्यांनी सही केली. पण तात्पुरत्या माणसाच्या त्या थोड्याशा रेंगाळण्यानेही दिल्लीत केवढी खळबळ उडाली होती, हे त्या वेळची वर्तमानपत्रे वाचलेल्यांना आठवत असेल. हंगामी म्हणून त्यांना कोणी हलके धरले नाही.

आता अनुच्छेद ६५ च्या दुसऱ्या कलमाकडे येतो, कारण माझे म्हणणे खरे तर तेथून सुरू होते. अनुपस्थिती, आजार वा अन्य कारणाने राष्ट्रपती आपले काम करू शकत नसतील, तर ते पुन्हा काम हाती घेईपर्यंत उपराष्ट्रपती ते पाहतील, असे हे कलम सांगते. राष्ट्रपती असमर्थ आहेत हे कोणी ठरवायचे, कोणाला कळवायचे आणि ते बरे झाले हे कोणी मान्य करायचे, याविषयी त्यात अक्षर नाही.

व्यवहारात हे आजवर राष्ट्रपतींच्या स्वतःच्या विवेकावर चालत आले आहे. राजेंद्रप्रसाद १९६० मध्ये सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले तेव्हा सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्यांचे काम पाहिले. १९६१ मध्ये राजेंद्रप्रसाद गंभीर आजारी पडले तेव्हा तर ते कित्येक महिने पाहिले. ग्यानी झैलसिंग १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये हृदयावरच्या उपचारांसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा काम आले उपराष्ट्रपती हिदायतुल्लांकडे. तेच हिदायतुल्ला, आता दुसऱ्या पदावरून; दोन्ही वाटांनी त्या खुर्चीपर्यंत पोहोचलेले ते एकमेव गृहस्थ. पण ही प्रथा पुढे टिकली नाही. परदेश दौरा म्हणजे अनुपस्थिती असे आता कोणी मानत नाही. २००५ च्या मे महिन्यात बिहार विधानसभेच्या बरखास्तीला राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी मॉस्कोहून फॅक्सवर संमती दिली. तंत्राने अंतर मिटवले हे खरे. पण त्या मध्यरात्रीच्या घाईचे सर्वोच्च न्यायालयात पुढे काय झाले हेही सर्वांना माहीत आहे. बरखास्तीची ती उद्घोषणाच घटनाबाह्य ठरली. २०२१ च्या मार्चअखेरीस रामनाथ कोविंद यांच्यावर दिल्लीच्या एम्समध्ये बायपास शस्त्रक्रिया झाली, तेव्हा राष्ट्रपतींचे काम पाहिलेल्यांच्या यादीत उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडूंचे नाव चढले नाही. भूल दिलेल्या त्या तासांत राष्ट्रपतींचे अधिकार कोणाच्या हाती होते, याचे नेमके उत्तर मला घटनेत सापडत नाही. काही बिघडले नाही, कारण त्या तासांत काही घडले नाही.

घटनाकारांना असमर्थता हा विषय सुचलाच नाही असेही म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना दूर करण्याची दोन कारणे अनुच्छेद १२४ मध्ये दिली आहेत: सिद्ध झालेले गैरवर्तन आणि असमर्थता. लोकसेवा आयोगाचा अध्यक्ष वा सदस्य, अगदी आपल्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचाही, शारीरिक वा मानसिक दुर्बलतेमुळे पदावर राहण्यास योग्य नाही असे राष्ट्रपतींना वाटले, तर ते त्याला दूर करू शकतात असे अनुच्छेद ३१७ मध्ये आहे. पण स्वतः राष्ट्रपतींना दूर करण्याचे कारण अनुच्छेद ६१ मध्ये एकच आहे, ते म्हणजे घटनाभंग. त्यासाठी सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांची लेखी सूचना, चौदा दिवसांची मुदत, एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांशांचा ठराव, दुसऱ्या सभागृहाची चौकशी आणि तेथे बाजू मांडण्याचा राष्ट्रपतींचा हक्क, अशी मोठी सिद्धता आहे. बेशुद्ध असणे हा घटनाभंग नव्हे. तेव्हा असमर्थ झालेल्या राष्ट्रपतींचे पद रिकामे करण्याचा मार्ग नाही, आणि त्यांचे अधिकार दुसऱ्याकडे जाऊ शकतात पण ते कसे जातात याचीही वाट आखलेली नाही. न्यायमूर्ती आणि आयोगाचे सदस्य यांच्यापेक्षा राष्ट्रपतींच्या प्रकृतीबद्दल घटना अधिक निश्चिंत आहे. हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे.

यावर एक ठरलेले उत्तर असते, आणि ते मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळदा ऐकले आहे: राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, मग चार दिवस त्यांची सही झाली नाही तर आकाश कोसळते काय? बहुतेक दिवशी कोसळत नाही. पण ज्या दिवशी सल्ला देणारेच उरत नाहीत, तो दिवस वेगळा असतो. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा झैलसिंग येमेनच्या दौऱ्यावर होते. नवे पंतप्रधान नेमणे हा राष्ट्रपतींच्या अगदी थोड्या स्वतःच्या कामांपैकी एक. उपराष्ट्रपती वेंकटरामन यांच्याकडून शपथ घ्यावी की राष्ट्रपती परतण्याची वाट पाहावी, असा प्रश्न त्या दुपारी निघालाच होता. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले पी. सी. अलेक्झांडर तेव्हा पंतप्रधानांचे प्रधान सचिव होते आणि ते या घडामोडींच्या मध्यभागी होते. झैलसिंग संध्याकाळी परतले आणि राजीव गांधींना त्यांनी शपथ दिली. ते परतू शकले नसते, किंवा परतले पण रुग्णालयात गेले असते, तर त्या रात्रीच्या दिल्लीत घटनेचा अर्थ लावत बसायला कोणाला सवड होती? त्रिशंकू लोकसभा, बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाने दिलेला बरखास्तीचा सल्ला, फेरविचारासाठी परत पाठवायचे विधेयक, या सगळ्या प्रसंगी राष्ट्रपतींना शुद्धीवर असावेच लागते.

पंतप्रधानांच्या बाबतीत तर आपल्याकडे लिखित नियम जवळजवळ नाहीच, पण तेथे बहुमत नावाची दुसरी खात्री आहे. नेहरू आणि शास्त्री गेल्यावर गुलझारीलाल नंदांनी दोन्ही वेळा शपथ घेतली आणि पक्षाचा नेता निवडला जाताच ते बाजूला झाले. २००० च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा २००१ च्या जूनमध्ये अटलबिहारी वाजपेयी गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात होते. भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या बंदोबस्ताने वैतागलेल्या आम्हा मुंबईकरांना तेव्हा रहदारीपलीकडे काही दिसले नाही. पण देशाचा पंतप्रधान भूल घेऊन पडलेला असताना हंगामी पंतप्रधान नेमलेला नव्हता. उपपंतप्रधान वा उपमुख्यमंत्री ही पदे घटनेत नाहीत, त्यांच्या नावाने आपण कितीही फलक लावले तरी.

असमर्थतेविषयी नियम नसला म्हणजे काय होते, हे पाहायला मात्र चेन्नईला जावे लागते, आणि गंमत अशी की त्या प्रकरणातही महाराष्ट्राचेच राजभवन होते. २२ सप्टेंबर २०१६ रोजी जयललिता रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा तामिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार आपले राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्याकडे होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुच्छेद १६६ चा आधार घेऊन मुख्यमंत्र्यांची खाती ओ. पनीरसेल्वम यांच्याकडे दिली, आणि हे मुख्यमंत्र्यांच्याच सल्ल्याने केल्याचे राजभवनाने जाहीर केले. ज्या रुग्णाला कोणी भेटू शकत नव्हते तिने सल्ला कसा दिला, असे विरोधकांनी विचारले. त्याच महिन्यात पक्षाच्या उमेदवारी अर्जांवर त्यांच्या सहीऐवजी अंगठ्याचा ठसा उमटला. ५ डिसेंबरला त्या गेल्या. राज्यपालांनी जे केले त्यावाचून दुसरे काय करता आले असते, हे मला सांगता येत नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. भल्या माणसालाही कागदावर न पटणारे वाक्य लिहावे लागले, कारण पटणारे वाक्य लिहिण्याची सोय नियमात नव्हती.

या प्रश्नावर सर्वांत जास्त खल अमेरिकेने केला, तो फार ठेचा खाल्ल्यावर. १८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन पदग्रहणानंतर महिनाभरात वारले, आणि उपाध्यक्ष टायलर यांनी आपण कार्यवाहक नसून पूर्ण अध्यक्ष आहोत असा पवित्रा घेतला. तो मान्य झाला आणि त्यातून पुढची अडचण निर्माण झाली. १८८१ च्या २ जुलैला अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळ्या लागल्या. १९ सप्टेंबरपर्यंत ते अंथरुणावर होते. पण उपाध्यक्ष आर्थर यांनी सूत्रे हाती घ्यायला नकार दिला, कारण टायलर यांच्या दाखल्याप्रमाणे ती एकदा घेतली, तर बरे झालेल्या गारफिल्ड यांना परत देता येतील की नाही याची शाश्वती नव्हती. १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि पुढे कारकीर्द संपेपर्यंत जवळजवळ दीड वर्ष त्यांच्यापर्यंत कोणता कागद पोहोचावा हे बरेचसे त्यांच्या पत्नी ठरवत राहिल्या. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी मंत्रिमंडळाच्या बैठका बोलावल्या, तर विल्सन यांनी त्यांचाच राजीनामा घेतला. केनेडी यांच्या हत्येनंतर उपाध्यक्षपद वर्षभराहून अधिक काळ रिकामे होते. एवढे सगळे झाल्यावर १९६७ च्या फेब्रुवारीत पंचविसावी घटनादुरुस्ती अमलात आली.

येथे मला आपल्या घटनाकारांचे कौतुकही केले पाहिजे. राष्ट्रपती परत काम हाती घेईपर्यंतच उपराष्ट्रपती ते पाहतील, हे १९५० मध्येच लिहून त्यांनी आर्थर यांची भीती आपल्याकडे उद्भवूच दिली नाही. अमेरिकेला ते लिहायला आणखी सतरा वर्षे लागली. पण अमेरिकेने त्यानंतर जे लिहिले ते आपण लिहिले नाही. त्या दुरुस्तीचे तिसरे कलम साधे आहे: अध्यक्षाने दोन्ही सभागृहांच्या प्रमुखांना पत्र लिहायचे, त्या क्षणी अधिकार उपाध्यक्षाकडे जातात, दुसरे पत्र लिहिले की परत येतात. धाकटे बुश यांनी २००२ आणि २००७ मध्ये आतड्याच्या तपासणीपुरते ते वापरले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी बायडन यांनीही वापरले, आणि कमला हॅरिस ८५ मिनिटे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे अधिकार बाळगणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. चौथे कलम अवघड आहे. अध्यक्ष पत्र लिहू शकत नसेल वा लिहीत नसेल, तर उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री मिळून त्याला असमर्थ ठरवू शकतात. त्याने हरकत घेतली आणि ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, तर २१ दिवसांत काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी निर्णय द्यायचा. हे कलम आजवर वापरलेले नाही. ३० मार्च १९८१ रोजी रेगन गोळी लागून शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते तेव्हाही त्यासाठीचे कागद तयार झाले, पण सह्या झाल्या नाहीत. उपाध्यक्ष विमानात होते आणि परराष्ट्रमंत्री हेग यांनी व्हाइट हाउसमधून पत्रकारांना सूत्रे आपल्या हाती असल्याचे सांगितले, जे खरे नव्हते.

तिसरे कलम आपण बिनधास्त उचलावे असे मला वाटते. भूल घेण्यापूर्वी राष्ट्रपतींनी उपराष्ट्रपतींना आणि लोकसभेच्या अध्यक्षांना दोन ओळी लिहायच्या, यात कोणाचा मान कमी होतो? चौथे कलम मात्र आपल्याला लागू पडत नाही. तेथील मंत्री अध्यक्षांनी निवडलेले असतात. आपल्याकडचे मंत्रिमंडळ हे राष्ट्रपतींनी ज्यांना प्रसंगी थांबवायचे, निदान फेरविचार करायला लावायचे, तेच असते. सरकारला नको असलेले प्रश्न विचारणारा राष्ट्रपती आजारी आहे, असे ठरवण्याचा अधिकार सरकारकडेच देणे म्हणजे आजाराचे निदान ज्याला त्यातून लाभ आहे त्यानेच करण्यासारखे आहे. ट्युनिशियात १९८७ च्या ७ नोव्हेंबरला नेमके हेच झाले. पंतप्रधान बेन अली यांनी डॉक्टरांच्या दाखल्यावर वृद्ध अध्यक्ष बुर्गिबा यांना रातोरात असमर्थ ठरवले, आणि मग ते स्वतः २०११ पर्यंत उठले नाहीत. उलट टोक नायजेरियात दिसले. तेथील अध्यक्ष यार'अदुआ २००९ च्या नोव्हेंबरमध्ये उपचारांसाठी सौदी अरेबियाला गेले आणि जाताना कार्यभार सोपवणारे पत्रच पाठवले नाही. फेब्रुवारीत तेथील संसदेने ठराव करून गुडलक जोनाथन यांच्याकडे सूत्रे देईपर्यंत मोठा देश नुसता ताटकळत होता.

फ्रान्सने मला पटणारा मधला मार्ग काढला आहे. तेथे सरकारने विनंती करायची, पण अध्यक्ष काम करण्यास असमर्थ आहेत की नाहीत हे घटना परिषदेने, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या तेथील संस्थेने, पूर्ण बहुमताने ठरवायचे, आणि मग सिनेटच्या अध्यक्षांनी काम पाहायचे. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीविषयीचे वाद अनुच्छेद ७१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयच ऐकते. तेव्हा त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, स्वतः नेमलेल्या वैद्यकीय मंडळाचे म्हणणे ऐकून हा निर्णय द्यावा, आणि विनंती मंत्रिमंडळाने वा उपराष्ट्रपतींनी करावी, पण निर्णयात त्यांचा हात नसावा, अशी रचना करता येईल. सरन्यायाधीशांनी त्या पीठावर बसू नये, कारण उपराष्ट्रपती नसताना पुढचे नाव त्यांचेच असते. २०२५ च्या पावसाळ्यात आपण ते पाहिले. राष्ट्रपतींनी आपण बरे झाल्याचे कळवले की ठराविक दिवसांत त्याच पीठाने पुन्हा पाहावे. पद मात्र काढून घेऊ नये. ते अनुच्छेद ६१ चे क्षेत्र आहे आणि तेथेच राहू द्यावे.

हे साध्या कायद्याने होईल का, यावर मतभेद होऊ शकतात. घटनेने ज्याची तरतूद केलेली नाही अशाच आकस्मिक प्रसंगासाठी अनुच्छेद ७० संसदेला कायदा करू देतो, आणि आजाराची तरतूद तर अनुच्छेद ६५ मध्ये आहे, भले ती अर्धी का असेना. त्यामुळे साधा कायदा केला तर तोच उद्या आव्हानात अडकेल. घटनादुरुस्ती हा सरळ रस्ता आहे, आणि तो दिसतो तितका लांबचा नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचे अनुच्छेद ५४ आणि ५५ बदलायचे झाले, तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागते. अनुच्छेद ६५ त्या यादीत नाही. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांची दोन तृतीयांश मते एवढे पुरते. १९६९ मध्ये रिकाम्या खुर्चीचा कायदा करायला संसदेला एक महिनाही लागला नव्हता; पण तेव्हा एक राष्ट्रपती नुकतेच गेले होते आणि दुसरे जाण्याच्या बेतात होते. कोणाच्या प्रकृतीची चर्चा चालू नसताना असा मसुदा मांडला, तर तो कोणाविरुद्ध आहे असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि माझ्या मते मांडायची वेळ तीच आहे.